आखाजीला उघडं ठेवलेलं कोठार

धुळ्याहून महामार्गाने निघालं की शहर संपता संपता केळीच्या रोपांची एक सहकारी प्रयोगशाळा लागते. तिथे केळी काचेच्या बाटलीत जन्माला येते. नखाएवढा कोंब बाटलीत घालायचा, त्याचे पुष्कळ कोंब करायचे, मग त्यांना हळूहळू मातीची आणि उन्हाची सवय लावून लागवडीच्या तोंडावर चोपडा, शिरपूर, रावेरकडच्या शेतकऱ्यांना पोचवायचे, असा तो कारभार. बाटलीत बाहेरचा एक जंतू शिरला तरी सगळी मेहनत वाया. म्हणून बाटल्यांच्या खोलीचं सोवळं देवघरापेक्षा कडक. त्या खोलीच्या भिंतीत दोन दारांचं एक छोटं कपाट आहे. सगळे त्याला खिडकी म्हणतात. बाहेरच्याने बाहेरचं दार उघडून वस्तू ठेवायची आणि दार लावून घ्यायचं. मग आतल्या बाईने आतलं दार उघडायचं आणि ती वस्तू स्पिरिटने पुसून घ्यायची. दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत. संस्थेचे अध्यक्ष तोताराम नाना एकदा पाहुण्यांना घेऊन थेट आत निघाले होते, तेव्हा बायकांनी काचेआडून हात जोडून त्यांनाही परत पाठवलं होतं.

दिपमालाला हा नियम ठाऊक होता. रोज तो डोळ्यांसमोर होता. आणि तरीही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिने दोन्ही दारं सताड उघडी टाकली. बाटल्यांच्या खोलीची नव्हे, कॉम्प्युटरची.

दिपमाला तिथली कॉम्प्युटरवाली. मागच्या थंड खोलीत एक सर्व्हर होता आणि सगळेजण आपापल्या टेबलावरून, कधी घरूनही, त्याच्यावरच काम करायचे. कुणाला रोगाची तपासणी वाचायचा प्रोग्रॅम लागे, कुणाला आलेख काढायचा. असे प्रोग्रॅम बाहेरून आणायचे, त्यांना लागणारे आणखी चार बारके प्रोग्रॅम सोबत आणायचे आणि सगळं एका जागी नीट लावून ठेवायचं, हे काम पॅकेज मॅनेजर करतो. ती जागा म्हणजे सगळ्यांचं सामाईक कोठार. कोठारात काही टाकायचं तर 'कोठार' याच नावाच्या खात्यातून, आणि त्या खात्याचा पासवर्ड एकट्या दिपमालाकडे. त्यामुळे दिवसभर तिच्याच नावाचा पुकारा. "ताई, एवढं टाकून द्या." "मॅडम, ते नवीन आलंय, टाका ना."

गेल्या आखाजीला ती माहेरी सोनगीरला गेली होती. वर्षातून एकदा लेकीबाळींनी माहेरी यायचं, गौराई मांडायची, झोके घ्यायचे, एवढाच हक्काचा सण. ती कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली, बायकांनी गाणं धरलं आणि फोन वाजला. प्रयोगशाळेतून. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. तिची आई मंजुळाबाई पुरणाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "काय वं माय, झोकावर बी हापीस लई उनी का?" साऱ्या बायका खदखदून हसल्या. दिपमालाही हसली, पण ते बोलणं तिला लागलं.

म्हणून या वर्षी तिने आधीच बंदोबस्त केला. निघण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या 'केळी परिवार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने कोठाराचा पासवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'ज्याला जे लागेल ते त्याने स्वतः टाकून घ्यावे. सगळे आपलेच आहेत. आखाजीच्या शुभेच्छा.' पुढे आंब्याचं चित्र. धडाधड अंगठे आले. रोगतपासणीच्या कुंदन सरांनी लिहिलं, 'अखेर मॅडमनी तिजोरी उघडली!'

सण छान गेला. फोन एकदाही वाजला नाही. परत आल्यावर पासवर्ड बदलायचा होता, पण आज बदलू, उद्या बदलू करता करता मेचा शेवट आला आणि रोपांच्या गाड्या भरायला सुरुवात झाली.

पहिली गाडी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन सर चहाचा कप घेऊन तिच्या दारात आले. वरणगावचा हा माणूस रोपांचा डॉक्टर. रोपांची पानं वाटून रस काढायचा, तो बारीक वाट्यांच्या पाटीत घालायचा, आणि रोग असेल तर रस पिवळा होतो. यंत्र त्या पिवळेपणाचे आकडे देतं आणि कोठारातला एक प्रोग्रॅम ते आकडे वाचून सांगतो, निरोगी की संशयित. ते शोधायचे तो हरण्या रोग. हरण्या आला की केळीच्या पानावर पिवळे पट्टे उठतात, मधला पोंगा सडतो आणि झाड जातं. त्याला औषध नाही. एक रोगी रोप बागेत असलं तरी मावा ही बारीक कीड त्याच्यावरून उठून शेजारच्या पानावर बसतो, तिथून पुढच्या, आणि बघता बघता शिवार पिवळं पडतं. उपटायचं आणि जाळायचं, एवढाच इलाज.

"काय हो मॅडम," कुंदन सर म्हणाले, "या वर्षी रोपं फारच गुणी निघाली. आखाजीपासून एकही संशयित नाही."

"तुमचा हातगुण, सर."

"हातगुण कसला! दरवर्षी थोडी तरी निघतातच. या वर्षी देवाला दया आली."

ते हसत निघून गेले. दिपमाला मात्र तशीच बसून राहिली. 'आखाजीपासून' हा शब्द तिच्या कानात राहून गेला होता. उगीच शंका घेतो आपण, असं म्हणत तिने कोठार उघडलं आणि आत काय कधी आलं ते पाहू लागली. पाहता पाहता एका नावापाशी ती थांबली. आकडे वाचणारा प्रोग्रॅम आखाजीच्या दुपारी बदलला गेला होता. तिने तो टाकला होता तेव्हाचा नव्हता हा.

अशा प्रत्येक प्रोग्रॅमला एक ठसा असतो, माणसाच्या अंगठ्याला असतो तसा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तिने मूळ जागी जाऊन खरा ठसा पाहिला आणि कोठारातल्याशी ताडून पाहिला. जुळेना. नव्या आवृत्तीचा पाहिला. तोही जुळेना. हा प्रोग्रॅम कुठला होता, कोण जाणे. तिने तो उघडून आतली ओळ शोधली. निरोगी आणि संशयित यांच्यामध्ये जी रेषा असते, ती कुणीतरी वर सरकवली होती. फिकट पिवळं जे जे होतं ते सारं निरोगी ठरत होतं.

कुणी? पुढे फक्त 'कोठार' असं नाव होतं. जो कुणी शिरला तो याच नावाने शिरला. तिने फोन काढून 'केळी परिवार'मधली नावं पाहिली. रोपांच्या शेडमधले गडी होते, गाड्यांचे ड्रायव्हर होते, औषधं विकणारा एक जण होता. आणि भिकन होता. भिकन दिवाळीत नानांशी कडाकडा भांडून दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला होता, 'बघतोच तुमची केळी' म्हणून गेला होता. त्याला ग्रुपमधून कुणी काढलंच नव्हतं. भिकनने केलं असेल? की कुणी काही दुसरंच आणायला गेलं आणि त्याच्या सोबत हे आलं? की घरच्याच कुणी गाड्या लवकर निघाव्यात म्हणून? ज्याचं नाव मनात येई त्याच्यावर संशय जाई, आणि एकाचंही नाव पुसता येईना.

दार ढकलून पुनम आत आली. पुनम कुंदन सरांच्या हाताखालची, दिपमालाची डब्याची सोबतीण. "ताई, चला ना, शेवभाजी आणलीय."

"पुनम, आखाजीला तू कोठारात काही टाकलं होतंस?"

"टाकलं ना, आलेखाचं. तुम्हीच तर म्हणालात." पुनम हसली. "सरांनीही टाकलं, शेडवाल्यांनीही टाकलं. वाढपीच नाही म्हटल्यावर पंगतीत ज्याने त्याने हाताने वाढून घेतलं. का हो?"

दिपमाला तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रोज जिच्या डब्यातला घास खायचा तिच्या चेहऱ्यात आपण काय शोधतो आहोत, हे लक्षात येऊन तिला आणखीच भीती वाटली.

"सरांना बोलाव," ती म्हणाली. "आत्ता."

कुंदन सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कप खाली ठेवला. बाहेर अंगणात गाडीत ट्रे चढवल्याचे आवाज येत होते.

"आकडे सगळे आहेत आपल्याकडे," ते घाईघाईने म्हणाले. "ओळ सुधारा आणि इथल्या इथे पुन्हा चालवा. पाच मिनिटांचं काम."

"इथे नको, सर."

"का?"

"एक खोटं सापडलं म्हणजे बाकीचं खरं आहे असं कसं धरायचं? ठसा तपासणारा प्रोग्रॅमसुद्धा याच कोठारात आहे. तोही कुणी बदलला असला तर?"

"अहो, गाड्या निघतायत!"

"म्हणूनच म्हणते, आधी नानांना सांगू."

नाना अंगणात गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. तिथपर्यंत चालत जाताना दिपमालाने मनात वाक्यं जुळवली होती, पण समोर उभी राहिली तेव्हा तोंडून एवढंच निघालं, "नाना, गाड्या थांबवा. तपासणीचा भरवसा नाही. कोठार मी उघडं ठेवलं होतं."

नानांना प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं. हरण्या मात्र कळत होता. तरुणपणी त्यांनी स्वतःची उभी बाग स्वतःच्या हाताने पेटवली होती. ते उठले, ड्रायव्हरला हाताने थांब म्हणाले आणि मग तिच्याकडे वळले.

"आन् कालची गाडी?"

"ती गेली, नाना. चोपड्याकडे. प्रेमराजभाऊंकडे."

नानांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

थंड खोलीत एक कोरं मशीन पडून होतं. दिपमालाने त्याच्यावर नव्याने मांडणी सुरू केली. करायचं म्हणून वर्षभर लांबणीवर टाकलेली मांडणी होती ती. हिच्यात कोठार कुणाच्याच मालकीचं नव्हतं. तिच्याही नाही. कोठाराच्या तोंडाशी एक राखणदार प्रोग्रॅम बसणार होता. ज्याला जे हवं ते त्याने त्याला मागायचं. मग राखणदार ते मूळ जागेवरून आणणार, त्याच्यावरची बनवणाऱ्याची मोहोर खरी आहे का पाहणार, ठसा ताडणार आणि मगच आत ठेवणार. आत ठेवलेल्याला पुन्हा कुणी हात लावू शकणार नाही. कुणी नवीन मागितलं तर ते शेजारी वेगळं ठेवलं जाईल, जुन्याच्या जागी नाही. एकाच्या मागण्याने दुसऱ्याच्या ताटातलं बदलणार नाही. आणि कुणी काय मागितलं, ते ज्याच्या त्याच्या नावाने राहील. ही तर भिंतीतली खिडकीच, तिच्या मनात आलं. बाटल्यांसाठी एवढं सोवळं पाळतो आपण, आणि बाटलीतल्या जिवाचा निवाडा जिथे होतो तिथे मात्र सगळ्यांना चपलांसकट आत घेतलं.

पण आधी त्या राखणदारालाच पारखून घ्यायला हवं होतं. तो खोटा निघाला तर पुढचं सगळंच खोटं. तिने पुनमला तिच्या फोनवर मूळ ठसा उघडून मोठ्याने वाचायला सांगितला आणि स्वतः पडद्यावरचा बोटाने पाहत गेली. अक्षर, आकडा, अक्षर, अक्षर. पुनम वाचत होती, कुंदन सर दारात उभे होते. सगळं जुळलं. दिपमालाने हात पुढे केला. "दे फोन. एकदा मीच वाचते."

पुनमने फोन दिला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

दिपमालाने पडदा पुन्हा वर सरकवला. तिने खाली मान घालून ठसा पहिल्यापासून वाचला.

प्रोग्रॅम आला, मोहोर पटली, राखणदाराने तो आत ठेवला. तिने आकड्यांची एकेक तुकडी त्याच्यापुढे घातली. निरोगी. निरोगी. कुंदन सर प्रत्येक वेळी श्वास सोडत होते. पुनमने नकळत दिपमालाच्या खुर्चीची पाठ धरली होती. आज अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांतली रोपं सगळी निरोगी निघाली. मग कालच्या गाडीची तुकडी आली आणि पडद्यावर शब्द उमटला, संशयित.

"पुन्हा चालवा," कुंदन सर म्हणाले.

तिने पुन्हा चालवलं. तोच शब्द. जुन्या कोठारात ती म्हणू शकली असती, प्रोग्रॅमचीच काही चूक असेल. आता तेवढीही पळवाट उरली नव्हती.

दिपमालाने सगळ्यांना नव्या कोठाराशी जोडून जुनं बंद केलं, आणि जीप नानांनी स्वतः काढली. अमळनेर मागे पडलं. दिपमाला मागे कुंदन सरांशेजारी बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "नाना, माझ्या नोकरीचं..."

"नोकरीचं मग पाहू, बेटा," नाना समोर बघत म्हणाले. "आधी रोपं जमिनीत गेली का ते पाहू."

तापीचा पूल ओलांडला आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. एरवी या हिरव्या भिंतींतून जाताना तिला थंड वाटायचं. आज प्रत्येक पानावर पिवळा पट्टा दिसल्यासारखा होई, आणि नीट पाहिलं की ते ऊन असे.

प्रेमराजभाऊंच्या दारात लिंबाखाली ट्रे मांडून ठेवले होते, वर ओली गोणपाटं. रोपं अजून जमिनीत गेली नव्हती. कुंदन सरांनी "देवा!" म्हणून कपाळ पुसलं. दिपमालाला रडू यायचं तेवढं राहिलं. प्रेमराजभाऊ बनियनवरच हसत पुढे आले.

"या, या नाना! उन्हाना कसा काय उनात? बसा, पानी पेवा."

नानांनी पाणी घेतलं नाही. जे होतं ते सांगितलं. प्रेमराजभाऊ एकदा रोपांकडे, एकदा नानांकडे बघत राहिले. "हिरवंगार त शे, नाना. याले काय व्हयेल शे?"

"दिसत नही, म्हनीसनच भ्याव शे, प्रेमराज. बठ्ठा ट्रे आठेच शेतस ना?"

प्रेमराजभाऊंनी मानेमागे हात फिरवला. "बराचसा आठेच शेतस. थोडा भाऊबंदस्ले दिधा. त्यास्ले बी लावना व्हतात."

"कोनकोनले?"

"आते नावं लिखी ठेवू का, नाना? बठ्ठा आपलाच त शेतस."

दिपमालाने मान खाली घातली. 'सगळे आपलेच आहेत' हे आपणच लिहिलेलं वाक्य कुणीतरी आपल्याला मोठ्याने वाचून दाखवावं तसं तिला झालं.

मग धावपळ सुरू झाली. प्रेमराजभाऊ मोटारसायकलवर कुंदन सरांना घेऊन मळ्यांकडे गेले. साडूकडचे ट्रे आले, चुलत भावाकडचे आले. एकाने ओळीने खड्डे करून ठेवले होते, रोपं लावणारच होता, तो हातात कुदळ घेऊन तसाच मागोमाग आला आणि भांडू लागला. नानांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो गप्प झाला. अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला गेला. कालपर्यंत ज्या रोपांवर बायका पाणी शिंपडत होत्या ती आता त्याच बायका ढिगावर टाकत होत्या. ओली पानं जळेनात, नुसता धूर होत होता.

प्रेमराजभाऊंच्या घरच्या सुनंदाबाई शेवटचा ट्रे घेऊन आल्या. तो जावेच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे होता. "हाऊ शेवटना," त्या म्हणाल्या.

दिपमालाने ट्रे हातात घेतला. सगळ्या खळग्यांत रोपं होती, टवटवीत, प्रत्येकाच्या मधोमध नव्या पानाची घट्ट सुरळी. कडेचा एक खळगा मात्र रिकामा होता. माती ओली होती आणि बोटं घालून रोप उचलल्याची खूण तिच्यात तशीच होती.

"अक्का, यातलं एक रोप कुठे गेलं?"

सुनंदाबाईंनी वाकून पाहिलं. "काय माहीत, माय. दारशी कोनी उनी व्हई. मांगं, दिधं व्हई. केळनं एक रोप, त्याले नही कोन म्हनस?"

"पण कोण आलं होतं?"

"जाऊले इचारं मी. तीबी म्हने, माले ठाऊक नही. दार उघडंच व्हतं, मी वावरमा व्हतू."

दिपमालाने कुंदन सरांकडे पाहिलं. ते धुराकडे बघत होते. "एक रोप पुरतं," ते हळूच म्हणाले, आणि आपण मोठ्याने बोललो याचं त्यांनाच वाईट वाटलं.

तिच्या पिशवीत फोन थरथरला. 'केळी परिवार'वर शेडमधल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'मॅडम, नव्या कोठारात आम्हाला काहीच टाकता येत नाही. आम्ही काय परके आहोत का?' खाली कुणी हसरा चेहरा टाकला होता. भिकनने अंगठा दिला होता. तो अंगठा ती कितीतरी वेळ पाहत राहिली. त्याच्यातून काहीच कळत नव्हतं.

तिने फोन ठेवून दिला. ट्रे पऱ्हाट्यांवर पालथा केला आणि हात झटकले.

"मी विचारून येते," ती नानांना म्हणाली.

"कोणाला विचारशील, बेटा?"

"सगळ्यांना."

ती रस्त्यावर आली. उन्हं कलली होती. गल्ली पार गावदरीपर्यंत सरळ गेली होती, दोन्ही अंगांना घरं, घरांपुढे अंगणं, अंगणात तुळशी, कोथिंबीर, मोगरा आणि कुठे कुठे केळीचं एखादं रोप. कुठलं जुनं, कुठलं कालचं, लांबून काही ओळखू येत नव्हतं. ती पहिल्या घरापुढे उभी राहिली आणि तिने कडी वाजवायला हात वर केला, पण वाजवणार कशी? दार उघडंच होतं. तिने पुढे पाहिलं. त्या गल्लीत एकही दार लावलेलं नव्हतं.